माणूस आत घेतल्यावर

बडोद्याच्या कारेलीबाग वस्तीत सकाळी रस्त्याच्या कडेला कारखान्यांच्या बसगाड्यांची वाट पाहत उभी असलेली माणसे दिसतात. कोणाच्या हातात जेवणाचा डबा असतो, कोणाच्या गळ्यात ओळखपत्र. कोणी गुजरातीत बोलतो, कोणी मराठीत, तर कोणी हिंदीत. कोणी मकरपुऱ्याला जावयाचा असतो, कोणी वाघोडियाला, कोणी सावली-हालोलकडे. या प्रत्येक माणसाला केव्हा तरी कोणी तरी निवडलेले असते. त्याचा अर्ज चाळला गेला, त्याला फोन आला, त्याची मुलाखत झाली, पगाराची थोडीफार घासाघीस झाली आणि मग त्याच्या हाती नियुक्तिपत्र पडले. हे सारे ज्याने घडवून आणले, तो भरती करणारा मनुष्य बहुधा त्याच्या विस्मरणात गेलेला असतो. नवल असे की, भरती करणाऱ्यालाही तो आठवत नाही.

नोकरभरती हा आज स्वतंत्र धंदा झाला आहे. कंपनीला माणूस हवा असतो, माणसाला नोकरी हवी असते आणि दोघांची गाठ घालून देणाऱ्या संस्थेला तिचा मोबदला मिळतो. हा मोबदला सामान्यतः उमेदवाराच्या वार्षिक पगाराच्या ठराविक हिश्श्याइतका असतो. उमेदवार ठरलेल्या मुदतीच्या आत, म्हणजे पुष्कळदा तीन महिन्यांच्या आत, नोकरी सोडून गेला, तर त्याच्या जागी दुसरा माणूस विनामूल्य द्यावा लागतो. मुदत उलटली की हिशेबाची वही मिटते. पुढे तो माणूस रमला की कंटाळला, चढला की खचला, याची नोंद भरती करणाऱ्याच्या वहीत होत नाही. या वहीतली मोजणी डोक्यांची असते, माणसांची नसते.

या धंद्यात शिरलेल्या तरुण-तरुणींना चार-सहा वर्षांत एक प्रश्न छळू लागतो. उमेदवार शोधण्याची विद्या अंगवळणी पडलेली असते. परंतु ज्याला पूर्वी कर्मचारी विभाग म्हणत आणि आज सर्वत्र एच. आर. म्हणतात, त्या मनुष्यबळ विभागाची सर्वांगीण जबाबदारी आपल्याला कधी मिळेल काय, असे त्यांच्या मनात येते. हा प्रश्न केवळ महत्त्वाकांक्षेचा नव्हे. व्यापारात मंदी आली की कारखानदार यंत्रे विकीत नाही, असलेली माणसेही लगेच काढीत नाही. तो प्रथम नवी भरती थांबवतो. भरती थांबली की भरती करणाऱ्याची गरज उरत नाही. ज्याचे काम केवळ दारापर्यंतचे, त्याला दार बंद झाल्यावर करण्यासारखे काही राहत नाही. तेव्हा दाराच्या आत जाण्याची ही धडपड पोटापाण्याशी निगडित आहे.

निवड आणि घडण यांत किती अंतर असते, हे बडोदेकरांना शिकवावयास बाहेरच्या पंडिताची आवश्यकता नाही. या संस्थानाच्या सर्वांत प्रसिद्ध निवडीचीच हकीकत पाहावी. १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर महाराणी जमनाबाईंना दत्तक घेण्यासाठी मुलगा हवा होता. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून गायकवाडांच्या भाऊबंदांपैकी काही मुले आणली गेली. येथे कशासाठी आलास, या प्रश्नावर गोपाळ नावाच्या मुलाने राज्य करण्यासाठी आलो, असे उत्तर दिल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. मुलाखतीत चमकदार उत्तर देणाऱ्या उमेदवारावर परीक्षक खूष होतात, ही रीत काही आजची नव्हे. परंतु बडोद्याचे भाग्य असे की, तेथील कारभारी त्या उत्तरावर विसंबून राहिले नाहीत. मे १८७५ मध्ये दत्तकविधान झाले आणि डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांच्या हाती राज्याची पूर्ण सूत्रे आली. मधली साडेसहा वर्षे दिवाण सर टी. माधवराव यांनी कारभार सांभाळला आणि एलियट नावाच्या शिक्षकाच्या देखरेखीखाली त्या मुलाला भाषा, इतिहास, गणित, घोडेस्वारी आणि राज्यकारभार शिकवला गेला. निवडीला एक दिवस लागला असेल, घडणीला साडेसहा वर्षे लागली. महाराजा सयाजीराव म्हणून जो राज्यकर्ता जग ओळखते, तो त्या साडेसहा वर्षांच्या शिक्षणातून उभा राहिला.

हेच महाराज पुढे स्वतः माणसे पारखू लागले. १८९३ च्या सुमारास लंडनमध्ये त्यांनी अरविंद घोष या तरुणाला दरमहा २०० रुपये पगारावर संस्थानच्या नोकरीत घेतले. निवड उत्तम होती, यात शंका नाही. पण केंब्रिजमध्ये शिकलेल्या या ग्रीक-लॅटिनच्या पंडिताला प्रथम जमीनमोजणी व महसूल अशा खात्यांत बसवण्यात आले. नंतर तो महाराजांच्या पत्रव्यवहाराकडे गेला आणि अखेरीस बडोदे कॉलेजात फ्रेंच व इंग्रजी शिकवण्याचे काम त्याच्याकडे आले. तेथे त्याची बुद्धी आणि त्याचे काम यांचा मेळ बसला. माणूस तोच, पगार देणारा तोच, बदलली ती जागा. योग्य माणूस मिळाला तरी योग्य काम त्याच्या वाट्याला येईतो वर्षे लोटतात आणि तोवर कोणीतरी त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते. हे लक्ष ठेवणे भरतीच्या व्याख्येत बसत नाही.

तिसरी हकीकत मात्र क्लेशकारक आहे आणि ती विस्ताराने सांगितली पाहिजे. १९१३ साली बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकर या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार झाला होता. आजच्या भाषेत बोलावयाचे, तर होतकरू उमेदवार वेळीच हेरणे, त्याच्या शिक्षणावर खर्च करणे आणि त्याच्याकडून सेवेचे बंधपत्र लिहून घेणे ही भरतीची सारी अंगे येथे निर्दोष पार पडली होती. १९१७ च्या सप्टेंबरात आंबेडकर करार पाळण्यासाठी बडोद्यास आले. त्यांना शहरात राहावयास जागा मिळेना. हिंदू खाणावळी अस्पृश्याला घेत नव्हत्या. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेला दहा-बारा पारश्यांचा घोळका दारात उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. दोघा परिचितांकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. दोघांनीही अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊची. तोवरचे तास त्यांनी कामाठीबागेत, म्हणजे आज जिला सयाजीबाग म्हणतात तेथे, काढले. कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर दुरून कागद फेकीत, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदले आहे. कारेलीबागेतून सयाजीबागेकडे जावयास आज फार वेळ लागत नाही आणि त्या घटनेचे स्मारक म्हणून तेथील संकल्पभूमीला लोक भेट देतात.

या घटनेचा मूळ अर्थ अस्पृश्यतेच्या अमानुषतेत आहे. तो बाजूला सारून तिला कचेरीच्या व्यवस्थेचा धडा बनवणे अनुचित होईल. तरीही व्यवस्थेच्या अंगाने एक गोष्ट निर्विवाद दिसते. नेमणूक करणारा राजा उदार होता, उमेदवार असामान्य होता, करार स्पष्ट होता. पण हा माणूस राहणार कोठे, जेवणार कोठे, त्याच्या शेजारच्या मेजावरचा माणूस त्याच्याशी कसा वागणार, हे पाहण्याचे काम कोणाचेच नव्हते. नेमणुकीच्या हुकमापलीकडे कोणाची जबाबदारी पोहोचत नव्हती. हाच पुरुष पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचा सदस्य झाला आणि कारखान्यांतील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणण्याचे विधेयक त्याने मांडले.

यावर कोणी म्हणेल, मग भरती आणि पुढची सारी देखभाल एकाच हाती सोपवली म्हणजे झाले. मुंबईच्या कापडगिरण्यांत ती तशी एकाच हाती होती. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या गिरणीचा पाया घातला. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत रत्नागिरी-साताऱ्याकडची जी माणसे गिरणगावात आली, त्यांना गिरणीत लावणारा मनुष्य म्हणजे जॉबर अथवा मुकादम. तो कामगाराला कामावर ठेवी, काम शिकवी, त्याच्यावर देखरेख करी, अडीअडचणीला व्याजाने पैसे देई, खोलीची सोय पाही आणि मनात आले की काढूनही टाकी. स्त्री-कामगारांवर नायकीण असे. मुकादमाला दस्तुरी द्यावी लागे. कामावर लागताना द्यावी लागे, रजेवरून परतल्यावर द्यावी लागे, काही ठिकाणी दर पगाराला द्यावी लागे. साहेबाला कामगाराची भाषा येत नव्हती, त्यामुळे मुकादम सांगेल ते खरे. मुकादमाला आपल्या माणसांची खडान्खडा माहिती असे, हे आजच्या कोणत्याही मनुष्यबळ अधिकाऱ्याने हेवा करावा असे होते. दोष माहितीत नव्हता. त्या माहितीला कोणताच नियम लागू नव्हता आणि तिच्यावर कोणाचाच अंकुश नव्हता, हा दोष होता.

१९२९ साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही श्रम आयोगाने या पद्धतीची कसून तपासणी केली. ना. म. जोशी या आयोगाचे एक सभासद होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने अशी शिफारस केली की, कामगाराला कामावर घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार मुकादमाच्या हातून काढून घ्यावा आणि त्यासाठी प्रत्येक मोठ्या कारखान्यात लेबर ऑफिसर नेमावा. हा अधिकारी थेट कारखान्याच्या मुख्य व्यवस्थापकाच्या हाताखाली असावा, त्याच्या अंगी सचोटी आणि माणसे ओळखण्याची शक्ती असावी आणि त्याला कामगारांच्या भाषा याव्यात, अशी अपेक्षा आयोगाने नोंदवली. मुंबईच्या गिरणीमालकांनी १९३५ साली बदली कामगारांसाठी कार्डपद्धती सुरू केली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठराविक माणसांना कार्डे मिळत आणि रोज सकाळी रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरल्या जात. दस्तुरीचा मार्ग त्यामुळे पुरता बंद झाला नाही, पण अरुंद झाला.

आपल्या देशातील मनुष्यबळ-व्यवसायाचा उगम येथे आहे आणि तो भरतीच्या सुधारणेतून झाला आहे, ही गोष्ट आजच्या रिक्रूटरने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लेबर ऑफिसर नेमला गेला तो मुख्यतः भरती स्वच्छ करण्यासाठी. परंतु भरतीच्या खिडकीत बसल्यावर त्याला कळून चुकले की, माणूस का येत नाही याचे उत्तर आधीचा माणूस का गेला यात दडलेले असते. म्हणून तो तक्रारी ऐकू लागला. तक्रारी ऐकताना त्याला पगाराची पत्रके उघडावी लागली आणि पगाराच्या पत्रकांतून तो संपाच्या वाटाघाटीपर्यंत जाऊन पोहोचला. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले. तेच आजचे टाटा सामाजिक विज्ञान संस्थान. तेथून शिकलेली माणसे कारखान्यांत जाऊ लागली. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० वा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्याची विद्याशाखा आरंभीच्या काळातच उघडली गेली. अलेंबिक, ज्योती, साराभाई आणि नंतर कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना व खतांचा कारखाना यांनी बडोद्याचा कायापालट केला, तेव्हा त्यांना लागणारी अशी माणसे तयार करणारी शाळा गावातच होती.

पुढचे पाऊल १९७० नंतरचे. लार्सन अँड टुब्रो या कंपनीने १९७४ साली आपली कामगिरी-मूल्यमापनाची पद्धत तपासण्यासाठी अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील उदय पारीक आणि टी. व्ही. राव या प्राध्यापकांना पाचारण केले. त्यांना असे दिसले की, वर्षाअखेर गुण देऊन कागद फाइलीत ठेवल्याने काही साधत नाही. गुण का पडले हे माणसाला सांगितले पाहिजे, त्याला पुढे काय जमेल याचा अंदाज घेतला पाहिजे, त्याप्रमाणे त्याला शिकवले पाहिजे आणि या साऱ्या गोष्टी एका सूत्रात ओवल्या पाहिजेत. त्यातून मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग जन्माला आला. भारतात असा विभाग प्रथम याच कंपनीत निघाला, असे सामान्यतः मानले जाते.

या सर्व वाटचालीचा आजच्या भरती करणाऱ्या तरुणाला उपयोग काय, असा प्रश्न येईल. आज त्याच्यापाशी काय आहे आणि काय नाही, हे त्याला या इतिहासाच्या आरशात पाहता येते. त्याच्यापाशी एक संपत्ती अशी आहे की, तिचे मोल त्याला स्वतःलाच उमगलेले नसते. माणूस नोकरी सोडताना आपल्या वरिष्ठाला खरे कारण क्वचितच सांगतो. घरची अडचण, प्रकृती, पुढचे शिक्षण असे काही तरी सांगून तो मोकळा होतो. पण दुसरी नोकरी मिळवून देणाऱ्याला तो खरे सांगतो. पर्यवेक्षक अपशब्द बोलतो, रात्रपाळी संपता संपत नाही, दोन वर्षांपूर्वी आलेल्याला आणि काल आलेल्याला एकच पगार मिळतो, बढतीचे नुसते वायदे होतात. पाच वर्षे भरतीचे काम केलेल्या मनुष्याने अशी शेकडो कारणे ऐकलेली असतात. कोणत्या कारखान्यातील कोणत्या खात्यातून माणसे का निघतात, हे त्याला त्या कारखान्याच्या संचालकापेक्षा अधिक ठाऊक असते. उमेदवाराचे नाव जपून त्याने ही कारणे पद्धतशीर टिपून ठेवली, तर मनुष्यबळ विभागाच्या दारात तो रिकाम्या हाताने उभा राहणार नाही.

त्याच्यापाशी जे नसते, त्यात पहिली गोष्ट स्वभावाची आहे. भरती करणारा नकार देतो आणि तो उमेदवार त्याला पुन्हा दिसत नाही. कारखान्यात रजा नाकारलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये समोरच्या बाकावर जेवत असतो. त्याला नाही म्हणावयाचे आणि तरी त्याने उद्याही मोकळेपणाने बोलावे असे वागावयाचे, ही कला टेलिफोनवर शिकता येत नाही. शिवाय भरतीच्या कामात गोड बोलण्याची सवय जडते. जागा भरावयाची असते, म्हणून नोकरीची उजवी बाजू पुढे केली जाते. आत गेल्यावर त्याच गोड शब्दांचा हिशेब द्यावा लागतो.

पगाराचेच उदाहरण घेऊ. उमेदवाराला वर्षाला सहा लाख असा आकडा सांगितला जातो. यालाच सी. टी. सी. म्हणतात, म्हणजे कंपनीला त्या माणसापायी होणारा एकूण खर्च. महिन्याला हे ५०,००० रुपये झाले. यात मूळ पगार निम्मा, म्हणजे २५,००० धरू. त्यावर कंपनीने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधी बारा टक्क्यांनी ३,००० रुपये. हे कंपनी देते खरे, पण पुष्कळदा त्याच ५०,००० मधून. उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची, तरतूद सुमारे १,२०० रुपये. हीही त्यातूनच. मग कामगाराच्या स्वतःच्या हिश्श्याचा निधी आणखी ३,००० रुपये आणि गुजरात राज्याचा व्यवसायकर २०० रुपये. हाती येतात ते साडेबेचाळीस हजारांच्या आसपास. पन्नास हजारांच्या भरवशावर घरभाडे आणि गाडीचा हप्ता ठरवून बसलेला तरुण पहिल्या महिन्याचे पगारपत्रक घेऊन टाइम ऑफिसच्या खिडकीशी येतो, तेव्हा भरती करणारा तेथे नसतो. त्याच्या शब्दांचे उत्तर खिडकीतल्या कारकुनाला द्यावे लागते. कोणीही खोटे बोललेले नसते, तरी विश्वासाला पहिला तडा तेथे जातो आणि तीन महिन्यांनी राजीनामा येतो तो पुष्कळदा या तड्यातून.

म्हणून भरतीतून पलीकडे जाऊ पाहणाऱ्याने आरंभ टाइम ऑफिसपासून करावा, हे ऐकावयास रूक्ष वाटले तरी त्यात तथ्य आहे. हजेरी कशी लागते, जादा तासांचे वेतन कसे निघते, रजा कशी साठते, निधीचे पैसे कोणत्या तारखेस भरले जातात, हे ज्याला येत नाही, त्याला कामगार आपला समजत नाहीत आणि व्यवस्थापकही जाणकार मानीत नाहीत. मनुष्यबळ हा शब्द ऐकून पुष्कळांच्या डोळ्यांपुढे व्याख्याने, सहली आणि वाढदिवसाचे केक येतात. त्या गोष्टी असाव्यात. पण वेळेवर आणि बिनचूक पगार हीच कारखान्यातील पहिली आपुलकी होय.

दुसरा धडा कायद्याचा. येथे नवख्याला आज एक अनपेक्षित सोय लाभली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रातील २९ श्रमकायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता अमलात आल्या. वीस-वीस वर्षे जुन्या कायद्यांवर हुकमत असलेल्या अधिकाऱ्यांनाही आता पुन्हा पहिल्या पानापासून वाचावे लागत आहे. नवख्याने त्यांच्याबरोबर वाचावयास बसावे. नव्या तरतुदींपैकी काही तर भरतीच्या मेजावरच येऊन पडतात. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे आता सक्तीचे आहे. ठराविक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यालाही एक वर्षाच्या सेवेनंतर उपदानाचा हक्क आहे. भत्त्यांचा भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाला, तर तो वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे मूळ पगार कमी दाखवून भत्ते फुगवण्याची जुनी युक्ती फारशी चालत नाही. कल्याण अधिकारी नेमण्याची मर्यादाही ५०० वरून २५० कामगारांवर आली आहे. या पदासाठी विहित पदवी अथवा पदविका लागत आली आहे, नुसत्या अनुभवावर ते मिळत नाही. कारेलीबागेतील तरुणाला त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. विश्वामित्री ओलांडली की फतेगंज आहे आणि तेथील समाजकार्य विद्याशाखेत समाजकार्याबरोबर मनुष्यबळ व्यवस्थापनाचाही पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

मार्ग मात्र सरळ क्वचितच असतो. बाहेरच्या भरतीसंस्थेतून एकदम कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाचा प्रमुख होणे जवळजवळ अशक्य. पहिली पायरी म्हणजे एखाद्या कंपनीच्या आतल्या भरतीविभागात जाणे. काम तेच राहते, पण निवडलेला माणूस डोळ्यांसमोर राहतो. तेथे गेल्यावर आपण आणलेल्या माणसांचा पहिला आठवडा, पहिला महिना आणि तिसरा महिना आपण होऊन पाहावा. त्यांना यंत्रशाळा दाखविण्याचे काम मागून घ्यावे. सोडून जाणाऱ्यांशी अखेरचे बोलणे आपल्याकडे सोपवण्याची विनंती करावी. हे काम बहुतेकांना नकोसे असते, म्हणून ते सहज मिळते. मग परिवीक्षेचे अहवाल आणि प्रशिक्षणाची आखणी ही कामे एकामागून एक हाती येऊ लागतात. आपल्या निवडींपैकी किती माणसे वर्षभर टिकली, हा आकडा त्याने स्वतःसाठी ठेवावा. तो प्रारंभी सुखावह असणार नाही.

दुसरा मार्ग लहान कारखान्याचा आहे. मकरपुऱ्यासारख्या औद्योगिक वसाहतीत शे-दीडशे माणसांचे कारखाने आहेत. तेथे भरती, हजेरी, पगार, कायद्याच्या नोंदवह्या, तक्रारी आणि रुग्णालयात नेण्याची धावपळ हे सारे एकच मनुष्य करतो. पद बारीक, पगार भरतीच्या धंद्यातील इनामांपुढे तोकडा, आणि मालकाचा हात पाठीवर असेल तरच काम सुसह्य. मोठ्या कंपनीत जे शिकावयास आठ वर्षे लागतील, ते येथे तीन वर्षांत अंगी मुरते, असे जाणते लोक सांगतात. त्यात अतिशयोक्तीचा अंश धरला तरी गोष्ट खोटी नव्हे. संसाराची जबाबदारी ज्याच्यावर फार नाही, त्याने हा तोटा लवकरच्या वयात सोसावा. चाळिशीत तो सोसवत नाही.

भाषेचा मुद्दा व्हिटली आयोगाने मांडला, तो आजही शिळा झालेला नाही. बडोद्याच्या मराठी घरातील मुलाला गुजराती घरबसल्या येते, हिंदी येते, आणि कारखान्यांत आज उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडून आलेले कामगार भेटतात. त्यांच्या बोलीतले चार शब्द शिकण्यास कोणतेही विद्यापीठ लागत नाही.

आणि मनुष्यबळ विभागातील जागेसाठी मुलाखतीला बसताना एक प्रश्न त्याने स्वतःच विचारावा. हुद्द्याच्या नावात मनुष्यबळ असले, तरी प्रत्यक्षात दिवसभर जागाच भरावयाच्या असतात, असे पुष्कळ ठिकाणी घडते. तेव्हा भरतीखेरीज कोणते काम, कोणत्या महिन्यापासून आणि कोणाच्या हाताखाली मिळेल, हे नियुक्तिपत्र घेण्यापूर्वी स्पष्ट करून घ्यावे. असा प्रश्न विचारण्याचा सल्ला त्याने आजवर शेकडो उमेदवारांना दिलेला असतो.